निर्वासित कुटुंब एप्रिलमध्ये येत आहे : स्वयंसेवकांना आणि कार्यकारिणीला काय शिकवावे?

ग्रँडकाठ (वॉटर्लू, ओंटारिओ) यांचा प्रश्न

नमस्कार.

आमच्या मराठी मंडळातील अकरा जणांनी मिळून एका निर्वासित कुटुंबाची जबाबदारी घेतली आहे. आई आणि तीन मुले असे हे कुटुंब मूळचे पूर्व आफ्रिकेतील इरिट्रिया देशाचे असून गेली काही वर्षे ते युगांडात, कंपाला शहरात राहत आहे. थोरली मुलगी पंधरा वर्षांची आहे आणि धाकटा मुलगा सहा वर्षांचा. निर्वासितांचे प्रायोजक होऊ इच्छिणाऱ्या पाच जणांच्या गटांकडून नवे अर्ज घेणे कॅनडा सरकारने २९ नोव्हेंबर २०२४ पासून थांबवले, त्यामुळे ज्या संस्थांचा सरकारशी प्रायोजकत्वाचा करार असतो अशा येथील एका चर्चच्या करारपत्राखाली आम्ही हे काम करत आहोत. पहिल्या बारा महिन्यांचा घरखर्च, घर, शाळा, दवाखाना, भाषेचे वर्ग आणि सोबत ही सारी जबाबदारी आमची असेल. पैसे उभे राहिले आहेत. माणसांची तयारी मात्र व्हायची आहे, आणि ते काम माझ्याकडे आले आहे.

माझ्या हाती दोन शनिवार आहेत. एका शनिवारी चोवीस स्वयंसेवक येतील. दुसऱ्या शनिवारी मंडळाचे अध्यक्ष, खजिनदार, ज्यांचे सभागृह आम्ही वापरतो त्या मंदिराचे दोन विश्वस्त, शाळा मंडळावर निवडून आलेल्या एक बाई आणि मदतीची तयारी दाखवणारे आमच्या प्रभागाचे नगरसेवक असे सहाजण येतील. मी जो आराखडा केला होता त्यात इरिट्रियाचा भूगोल, १९९३ साली मिळालेले स्वातंत्र्य, तेथील सक्तीची आणि मुदत नसलेली लष्करी सेवा, निर्वासितांविषयीचा १९५१ चा आंतरराष्ट्रीय करार आणि शेवटी कामांची वाटणी असे सहा तासांचे विषय होते. चर्चमधील एका वयोवृद्ध बाईंना, ज्या १९७९ साली व्हिएतनामहून बोटींतून आलेल्या कुटुंबांपासून हे काम करत आल्या आहेत, मी तो आराखडा दाखवला. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि एवढेच विचारले, "त्या आईने तुम्हाला 'नाही' म्हटले तर तुमची माणसे काय करतील, हे यात कुठे आहे?"

मला उत्तर देता आले नाही, आणि तेव्हापासून तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. ज्यांनी असे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सांगावे की मर्यादित वेळेत स्वयंसेवकांना काय शिकवावे, पदाधिकाऱ्यांना काय शिकवावे, आणि काय खुशाल वगळावे.

पूर्वस्कारबरो यांचा प्रतिसाद

आपल्याला विचारलेला प्रश्न अगदी नेमका आहे, आणि तो आराखड्याच्या अगदी सुरुवातीला घ्यावा असे मी आग्रहाने सांगेन. आमच्या गटाने २०१६ च्या फेब्रुवारीत एका सीरियन कुटुंबाचे स्वागत केले आणि त्यानंतर आणखी दोन कुटुंबांचे. तिन्ही वेळी आमच्या चुका अज्ञानातून कमी आणि उत्साहातून जास्त झाल्या.

प्रशिक्षणात पहिल्या तासाला एक गोष्ट सर्वांच्या मनावर ठसली पाहिजे. ते कुटुंब विमानतळावर उतरते तेव्हाच कॅनडाचे कायम रहिवासी झालेले असते. देशात कुठेही राहण्याचा, कोणतेही काम करण्याचा, मुलांना कोणत्या शाळेत घालायचे हे ठरवण्याचा त्यांना आपल्याइतकाच हक्क असतो. आपण ते पाहुणे आहेत असे समजून चालतो, आणि पाहुण्याने वाढलेले संपवावे ही आपली रीत असते. पहिल्या कुटुंबाच्या वेळी आम्ही फ्रीज इतका भरून ठेवला होता की त्या बाईंना स्वतःची एक वस्तू ठेवायला जागा उरली नव्हती. आठ दिवसांनी त्यांनी दुभाष्यामार्फत हळूच विचारले की बाजार कुठे आहे आणि तेथे एकट्याने गेले तर चालेल का. पूर्ण संसार सांभाळलेल्या बाईने बाजाराला जाण्याची परवानगी मागावी, अशी वेळ आम्ही आणली होती. तेव्हापासून आम्ही पहिल्या दोन दिवसांपुरताच शिधा ठेवतो आणि तिसऱ्या दिवशी त्यांच्यासोबत दुकानात जाऊन पिशवी धरायचे काम करतो.

आपल्याकडे येणारे कुटुंब इरिट्रियन ऑर्थोडॉक्स पंथाचे असेल तर आणखी एक लक्षात घ्यावे. त्या पंथात बुधवार, शुक्रवार आणि ईस्टरपूर्वीचा मोठा काळ उपवासाचा असतो, आणि त्या दिवशी मांस, दूध, अंडी काहीच चालत नाही. एप्रिलमध्ये ते कुटुंब त्या उपवासात असण्याची शक्यता बरीच आहे. उपास म्हणजे काय हे आपल्या माणसांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही, फक्त आधी विचारायचे असते हे सांगावे लागेल.

पैशांविषयी स्पष्ट नियम हवेत. दरमहाची रक्कम ठरलेल्या तारखेला आईच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावी आणि तिने ती कशी खर्च केली याची पावती कोणी मागू नये. प्रायोजकाला खर्च केलेली रक्कम कुटुंबाकडून परत मागता येत नाही, हेही सर्वांना ठाऊक असावे. विमानप्रवासासाठी सरकारने दिलेले कर्ज मात्र कुटुंबाच्या नावावर असते आणि त्याचे हप्ते त्यांनाच भरावे लागतात. ते बिनव्याजी आहे, पण ते आहे हे पहिल्या महिन्यातच शांतपणे समजावून सांगितलेले बरे.

आपल्या लोकांकडून तळघरातील रिकामी जागा देऊ करण्याचा प्रस्ताव हमखास येईल, आणि तो मनापासून आलेला असेल. तरीही जो प्रायोजक तोच घरमालक असे होऊ देऊ नये. जिन्यावरून रोज ये-जा करणाऱ्या उपकारकर्त्याला घरात ओल आहे असे कोण सांगणार? घर बाहेरचे असावे आणि भाडेकरार आईच्या नावाचा असावा. ओंटारिओत घरमालकाला आगाऊ घेता येते ते फक्त शेवटच्या महिन्याचे भाडे, मोडतोडीची अनामत घेणे कायद्यात बसत नाही, हे घर शोधणाऱ्या जोडीला माहीत असावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. दुसऱ्या कुटुंबाच्या वेळी दहावा महिना चालू होता. मी आणि ती आई त्यांच्या स्वयंपाकघरात भाजी निवडत बसलो होतो, तिची मुलगी इंग्रजी बऱ्यापैकी बोलू लागली होती, आणि बोलता बोलता कळले की थोरला मुलगा बैरुतमध्ये काकांकडे मागे राहिला आहे. त्याचे नाव मूळ अर्जात, सोबत न आलेला मुलगा म्हणून, नोंदवलेले होते. पती, पत्नी किंवा अवलंबून असलेले मूल मागे राहिले असेल आणि त्याची नोंद आधी झालेली असेल, तर कुटुंब उतरल्यापासून एक वर्षाच्या आत त्याच्यासाठी सोप्या मार्गाने अर्ज करता येतो, नंतर नाही. आमच्यापैकी कोणीही तो मूळ अर्ज पूर्ण वाचलेला नव्हता. त्या बाईंनी आधी का सांगितले नाही, असे मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही इतके केलेत, आणखी मागायचे कसे?" त्यानंतर आठवडाभर धावपळ करून आम्ही अर्ज मुदतीत घातला. जिला 'नाही' म्हणता येत नाही तिला 'हवे' असेही म्हणता येत नाही, हे मला त्या दिवशी कळले. म्हणून प्रशिक्षणात त्या कुटुंबाच्या अर्जाचे, त्यांची गोपनीयता सांभाळून, दोघा जबाबदार व्यक्तींनी ओळ न् ओळ वाचन करावे, आणि मुदतींचे एक कॅलेंडर आधीच तयार ठेवावे.

त्या कॅलेंडरात तेरावा महिनाही असू द्यावा. बाराव्या महिन्याच्या अखेरीस आपले पैसे थांबतात. घरात पुरेशी मिळकत नसेल तर प्रांताच्या सामाजिक साहाय्यासाठी अर्ज करावा लागतो, आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. हे बोलणे नवव्या महिन्यात सुरू झाले नाही तर कुटुंबाला वाटते की आपल्याला सोडून दिले, आणि स्वयंसेवकांना वाटते की आपण हरलो.

ऱ्हाइनतीर (कोलोनजवळ, जर्मनी) यांचा प्रतिसाद

मी गेली अनेक वर्षे येथील एका मदतगटात काम करते. आमची परिस्थिती आपल्यापेक्षा वेगळी आहे, कारण आपल्याकडे येणाऱ्या कुटुंबाचा निर्णय येण्यापूर्वीच झालेला असतो, तर २०१५ साली जर्मनीत आलेल्या सुमारे नऊ लाख लोकांचे अर्ज येथे आल्यावर तपासले गेले. त्यामुळे आमच्या प्रशिक्षणात एक विषय सर्वांवर मात करतो, आणि तो आपल्यालाही उपयोगी पडावा : स्वयंसेवकाने कोठे थांबावे.

येथे वकील नसलेल्या व्यक्तीने विनामूल्य कायदेशीर सल्ला द्यायचा असेल, तर तो जाणकार वकिलाच्या मार्गदर्शनाखालीच द्यावा लागतो, असा कायदा आहे. सुरुवातीला अनेकांना तो जाचक वाटला. पण एक प्रसंग सांगते. आश्रयाच्या अर्जावरील निर्णय पिवळ्या पाकिटातून येतो, आणि ते पाकीट ज्या दिवशी पोचले ती तारीख टपालवाला त्या पाकिटावरच हाताने लिहितो. निर्णयाविरुद्ध न्यायालयात जाण्याची मुदत, जी बहुधा दोन आठवड्यांची आणि काही प्रकरणांत एकाच आठवड्याची असते, त्या तारखेपासून मोजली जाते. आमच्यातील एका अतिशय प्रेमळ आणि टापटिपीच्या स्वयंसेविकेने एका तरुणाची सारी कागदपत्रे सुंदर लावून दिली, पत्रे छिद्रे पाडून फाइलमध्ये घातली आणि रिकामी पाकिटे फेकून दिली. वकिलाने पहिला प्रश्न विचारला तो पाकिटाविषयी. सुदैवाने त्या तरुणाने आपल्या फोनवर त्याचे छायाचित्र काढून ठेवले होते. आता आमच्या प्रत्येक कार्यशाळेत एक खरे पिवळे पाकीट हातोहात फिरवले जाते, आणि ते पाहून झाल्यावर कोणाला नियम समजावावा लागत नाही.

आपल्याकडेही अशी वस्तू असेल. निर्वासितांना प्रांताचा आरोग्यविमा मिळेपर्यंत आणि त्यात न बसणाऱ्या काही सेवांसाठी केंद्र सरकारची तात्पुरती आरोग्ययोजना कॅनडात असते, असे माझ्या तेथील मैत्रिणीने मला सांगितले होते, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे त्या योजनेचा कागद औषधाच्या दुकानातील प्रत्येकाला ओळखता येतोच असे नाही. तो कागद, कायम रहिवासाचा दाखला, बँकेचा अर्ज यांचे कोरे नमुने टेबलावर मांडा आणि लोकांना ते हाताळू द्या. एका तासाच्या भाषणापेक्षा ते अधिक लक्षात राहते.

पदाधिकाऱ्यांविषयी आपण वेगळा दिवस ठेवला आहे हे मला फार आवडले, कारण हा भाग बहुतेक ठिकाणी राहूनच जातो. आमच्या राज्यात आल्टेना नावाचे सुमारे सतरा हजार वस्तीचे गाव आहे. २०१५ साली तेथील महापौर आन्द्रेआस होलश्टाइन यांनी वाट्याला आलेल्या संख्येपेक्षा शंभर निर्वासित अधिक घेतले. गावातील तरुण शहरांकडे जात असल्यामुळे घरे रिकामी पडत होती. आलेल्यांना मोठ्या छावणीत न ठेवता गावभर पसरलेल्या त्या घरांत ठेवले आणि प्रत्येक कुटुंबामागे एक विचारपूस करणारी व्यक्ती नेमली. २०१७ साली या कामासाठी गावाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महापौरांवर चाकूहल्लाही झाला. ते बचावले आणि त्यांनी धोरण बदलले नाही. हे सांगण्याचा हेतू आपल्याला घाबरवण्याचा नाही. पदावर असलेल्या माणसाचे काम स्वयंसेवकापेक्षा वेगळे असते. त्याला सोफा उचलायचा नसतो. एखाद्या शेजाऱ्याने भर सभेत "आमच्या मुलांच्या शाळेतील जागा हे घेणार का" असे विचारले, तर त्याला खरी माहिती, सभ्य शब्दांत आणि आवाज न चढवता द्यायची असते. हे आयत्या वेळी जमत नाही, सराव करावा लागतो. आपल्या नगरसेवकांना आणि विश्वस्तांना खुर्चीत बसवून असे दहा प्रश्न विचारा.

किल्लारी९३ यांचा प्रतिसाद

वरील दोन्ही प्रतिसादांविषयी आदर ठेवून एक शंका मांडतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आम्ही मित्र सोलापूरहून निघून किल्लारीला गेलो, तेव्हा आम्हाला कोणी काही शिकवले नव्हते. सहा तासांची कार्यशाळा, नियमांची यादी, सह्या केलेली आचारसंहिता असे सगळे आधी समोर ठेवले असते तर आमच्यापैकी अर्धे परत फिरले असते. आपले चोवीस लोक नोकरी आणि घर सांभाळून येणार आहेत. प्रत्येक पावलाला चूक होईल अशी धास्ती त्यांना घातली, तर ते काहीच न करता उभे राहतील, आणि त्या आईला ते परकेपणाचे वाटेल.

हेही मान्य करतो की आम्ही नेलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याच्या कडेला पावसात भिजत पडले होते आणि ते कोणी अंगाला लावले नाहीत. ज्या आजोबांपाशी मी रोज संध्याकाळी बसत असे, त्यांनी चौथ्या दिवशी मला बैलासाठी कडबा मिळेल का असे विचारले. ती गरज आमच्या कोणाच्याही यादीत नव्हती. पण ते विचारण्यासाठी आधी तीन दिवस त्यांच्याजवळ बसावे लागले होते, आणि तेवढे बसणे कोणत्याही वर्गात शिकवता येत नाही असे माझे मत आहे.

माझी सूचना अशी की सुरुवातीचे प्रशिक्षण निम्मे करावे, आणि कुटुंब आल्यानंतर दर पंधरवड्याला दीड तास सर्वांनी एकत्र बसून काय घडले, काय चुकले, हे बोलावे.

पूर्वस्कारबरो

पंधरवड्याच्या बैठकीची सूचना मी पूर्णपणे उचलून धरते. आम्ही ती तिसऱ्या कुटुंबाच्या वेळी सुरू केली आणि ती पहिल्यापासून हवी होती. फक्त एक पथ्य पाळावे : त्या बैठकीत कुटुंबाच्या घरातील गोष्टी, आजार, नवराबायकोतील बोलणी चर्चेला येऊ नयेत. चर्चा आपल्या वागण्याची व्हावी.

मध्यस्थ (टोरांटो) यांचा प्रतिसाद

मी रुग्णालयांतून मराठी आणि हिंदीची दुभाषी म्हणून काम करते, आणि माझ्या सहकाऱ्यांत तिग्रिन्या भाषेचे दुभाषी आहेत, म्हणून या भागाविषयी थोडे सविस्तर लिहिते.

सर्वप्रथम भाषा कोणती हे नक्की करून घ्यावे. इरिट्रियात तिग्रिन्या, तिग्रे, अरबी आणि इतर अनेक भाषा आहेत. शेजारच्या इथिओपियातील अम्हारिक ही वेगळी भाषा आहे. "आफ्रिकेतील त्या भागाची भाषा" अशी मागणी नोंदवली की अम्हारिकचा दुभाषी पाठवला जातो, आणि समोरची बाई भीडेपोटी समजले असे मान हलवून दाखवते. योग्य भाषेचा दुभाषी आला तरी तो त्यांच्याच देशातील विरोधी गटाचा किंवा सरकारच्या जवळचा असेल, अशी भीतीही तिला वाटू शकते. फोनवरून, नाव न सांगता काम करणारा दुभाषी अशा वेळी अधिक बरा पडतो.

त्या पंधरा वर्षांच्या मुलीला कोणत्याही परिस्थितीत दुभाषी करू नका. ती चार महिन्यांत इंग्रजी बोलू लागेल, आणि सर्वांना मोह होईल. मग एके दिवशी डॉक्टर आईला प्रवासात काय काय सोसावे लागले ते विचारतील आणि त्याचे भाषांतर त्या मुलीला करावे लागेल. एरवीही घराचे भाडे, बँकेचे पत्र, धाकट्याच्या शाळेतील तक्रार हे सारे तिच्या तोंडून जाऊ लागले की घरात आईची जागा मुलीकडे जाते. पूर्वस्कारबरो यांच्या प्रसंगात मुलगीच मध्ये होती म्हणून ती गोष्ट कळली हे खरे, पण कदाचित मुलगीच मध्ये होती म्हणून ती दहा महिने कळलीही नसेल.

नावांची बाब आपल्या लोकांना चटकन समजेल. इरिट्रियन माणसाचे स्वतःचे नाव, मग वडिलांचे, मग आजोबांचे असे नाव असते, आडनाव नसते. आपल्यासारखेच मधले नाव वडिलांचे, पण शेवटचे नाव आडनाव नव्हे. येथील अर्जांत आजोबांचे नाव आडनावाच्या रकान्यात जाते, म्हणून आईचे "आडनाव" एक आणि मुलांचे दुसरे दिसते, आणि शाळेच्या कार्यालयात विचारले जाते की ही यांची आई कशावरून. शाळा मंडळावरील बाईंना ही गोष्ट त्यांच्या शनिवारी आवर्जून सांगावी. तसेच अनेक निर्वासितांच्या कागदांवर जन्मतारीख १ जानेवारी असते, कारण नोंद करताना नेमका दिवस ठाऊक नसला की तीच तारीख टाकली जाते. त्या दिवशी केक घेऊन जाण्याआधी विचारावे.

मनावरच्या जखमांविषयी : जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली प्राथमिक मानसिक मदतीची एक मार्गदर्शिका काढली, तिची तीन पावले पाहणे, ऐकणे आणि योग्य ठिकाणी जोडून देणे अशी आहेत. खोदून विचारणे त्यात नाही. "तिथे काय झाले ते आम्हाला सांगा" हे वाक्य स्वयंसेवकाने कधीही बोलू नये. सांगायचे असेल तेव्हा माणूस सांगतो.

किल्लारी९३ यांनी बसण्याविषयी लिहिले ते मला फार पटले. इरिट्रियन घरात कॉफी तीन वेळा दिली जाते. बिया समोर भाजतात, त्यांचा धूर पाहुण्यांपाशी आणतात, मग कांडून उकळतात आणि त्याच कॉफीवर पुन्हा पाणी घालून दुसरा आणि तिसरा घोट देतात. तिसऱ्याला आशीर्वादाचा मानतात. यात सहज दीड तास जातो. आपला स्वयंसेवक पाच वाजता फॉर्मवर सही घ्यायला जातो आणि पहिल्या कपानंतर घड्याळ पाहत उठतो, तेव्हा त्या बाईंकडून एकच गोष्ट देण्यासारखी होती तीही त्याने घेतलेली नसते. सहीसाठी वेगळा दिवस ठेवावा आणि कॉफीसाठी वेगळा.

पंचगंगा (कोल्हापूर) यांचा प्रतिसाद

विषय कॅनडाचा असला तरी येथील एक उदाहरण आपल्या आराखड्यात पाच मिनिटे घेण्यासारखे आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत प्रदेशातून इराणमार्गे आलेल्या सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची, मुख्यतः स्त्रिया आणि मुलांची, वसाहत १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे होती. त्या वसाहतीतील शाळा, चर्च, दवाखाना, नाटके, बालवीर पथके हा सारा व्यवहार ते स्वतः चालवत. संस्थानाने आणि आजूबाजूच्या गावांनी जागा आणि बाजार दिला, शेजार दिला, पण त्यांच्या मुलांनी काय शिकावे हे ठरवले नाही. ती माणसे आणि त्यांची मुले आजही कोल्हापूरचे नाव काढतात. वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे, ज्याला ऑगस्ट २०२४ मध्ये आपल्या पंतप्रधानांनी भेट दिली.

त्याच जागेवर नंतर फाळणीत सिंधमधून आलेली कुटुंबे वसवली गेली, आणि ते आजचे गांधीनगर, जेथे अर्धा दक्षिण महाराष्ट्र लग्नाचा बस्ता बांधायला येतो. माझे आजोबा त्या भागात दूध घालत. आपल्या दुधाचा रतीब ज्या घरांना होता त्यांच्या मागील दुःखाविषयी ते कधी बोलले नाहीत, पण कोणत्या घरी किती माप आणि कोणाची उधारी कधी फिटली हे त्यांना शेवटपर्यंत आठवत असे. उधारी मागणे आणि ती फेडणे यात दोन्ही बाजूंना बरोबरी असते, हे मला त्यांच्या बोलण्यावरून जाणवत आले आहे.

ग्रँडकाठ

सर्वांचे मनापासून आभार. आपले सारे लेखन मी छापून घेतले आणि चर्चमधील त्या बाईंसोबत बसून आराखडा नव्याने केला. इरिट्रियाचा इतिहास एका पानात आणला असून ते पान घरी वाचायला देणार आहोत. स्वयंसेवकांचा शनिवार तीन तासांचा राहील. त्यातील पहिला तास सरावाचा असेल : एक स्वयंसेविका आईच्या भूमिकेत बसेल आणि इतरांनी देऊ केलेल्या पाच गोष्टींपैकी तीन ती नाकारेल. फर्निचर नको, आमच्या ओळखीच्या डॉक्टरांऐवजी तिच्या भाषेतील डॉक्टर हवा, आणि वॉटर्लूत न राहता टोरांटोत तिच्या ओळखीच्या माणसांजवळ राहायचे आहे. तिसऱ्या नकारावर आपल्या चेहऱ्यावर काय उमटते ते एकमेकांनी पाहायचे आहे. दुसरा तास कागदपत्रांच्या टेबलाचा आणि तिसरा दुभाष्यासोबत काम करण्याचा. त्यानंतर दर पंधरवड्याला बैठक.

पदाधिकाऱ्यांच्या दिवशी मी ओटावाच्या तेव्हाच्या महापौर मॅरियन ड्युअर यांच्या उदाहरणापासून सुरुवात करणार आहे. १९७९ साली त्यांनी आपले शहर चार हजार निर्वासितांना सामावून घेईल असे जाहीर केले आणि नागरिकांना जाहीर सभेत बोलावून कामाला लावले. त्याच उन्हाळ्यात केंद्र सरकारने नागरिकांनी प्रायोजित केलेल्या प्रत्येक निर्वासितामागे सरकार आणखी एक आणील अशी योजना मांडली, आणि दीड-दोन वर्षांत आग्नेय आशियातून साठ हजार माणसे या देशात आली. आमच्या नगरसेवकांना हे ऐकायला आवडेल, आणि मग ऱ्हाइनतीर यांनी सुचवलेले दहा प्रश्न त्यांना विचारता येतील.

एक अडचण मात्र सुटलेली नाही. आमच्या अध्यक्षांची फार इच्छा आहे की गणेशोत्सवात व्यासपीठावर बोलावून त्या कुटुंबाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करावा. ज्यांनी पैसे दिले त्यांना ते कुटुंब दिसावे, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि त्यात त्यांचा काही वाईट हेतू नाही. त्यांना न दुखावता कसे सांगावे?

पूर्वस्कारबरो

अध्यक्षांना एकट्याने भेटून सांगा, सभेत नको. त्यांना दोन गोष्टी सांगा. पहिली, इरिट्रियातून पळून आलेल्या माणसाचे छायाचित्र समाजमाध्यमावर गेले तर मागे राहिलेल्या नातेवाइकांना त्रास होऊ शकतो, म्हणून आईच्या लेखी संमतीशिवाय एकही छायाचित्र निघणार नाही हा नियम कार्यकारिणीने स्वतःच्या ठरावाने करावा. नियम त्यांनीच मांडला तर तो पाळलाही जाईल. दुसरी, देणगीदारांना हिशेब हवा असतो आणि तो त्यांचा हक्कच आहे. खजिनदारांनी वेगळ्या खात्याचा जमाखर्च, कुटुंबाचे नाव न घेता, गणेशोत्सवात वाचून दाखवावा.

आणि त्या बाईंना उत्सवाचे साधे निमंत्रण द्या, जसे शेजारच्या कोणत्याही घराला देता तसे. जेवणाच्या पंगतीत कुठे बसायचे ते त्या आणि त्यांची मुले ठरवतील. आल्या नाहीत तर कारण विचारू नका.